चौदा वेळा कबूल

भागुबाईच्या दारावर कुणी टकटक करत नसे. वस्तीत घरं चारच, एकाची भिंत दुसऱ्याला टेकलेली. ज्याला यायचं तो अंगणातूनच हाळी द्यायचा आणि हाळी संपायच्या आत चुलीपाशी पोचलेला असायचा. त्यामुळे त्या सकाळी पत्र्याच्या दारावर बोटांनी हलकेच तीन ठोके पडले, तेव्हा घरातले सगळे हात जागच्या जागी थांबले. मुलगा सुरज पहिल्या पाळीला तळेगावच्या कंपनीत गेला होता. सून रेणुका सातवीतल्या प्रेरणाच्या वेण्या घालत होती. भागुबाईनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली, उठली, आणि कोपऱ्यातली बोरांची पाटी पायानं कॉटखाली सरकवली.

"आत्या, घरात बोरं ठेवायला कधीपासून बंदी आली?" रेणुका हसत म्हणाली.

"सवय गं. टकटक म्हंजी सायबच असत्यात."

दारात साहेब नव्हते, माऊलीशेठ होते. पांढरे कडक कपडे, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि तिच्या जोडीला बोटाएवढी जाड सोन्याची साखळी. मागे काळी जीप आणि मोबाइल उंच धरून उभा असलेला ड्रायव्हर. "राम कृष्ण..." असं माऊलीशेठ सवयीनं बोलून गेले, तेवढ्यात समोरच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसला, आणि त्यांनी तोंडातला हरी गिळून हात जोडले. "जय भीम, भागुमावशी!" आणि वाकून राखेनं भरलेल्या तिच्या पायांना हात लावला. ड्रायव्हरला फोटो नीट आला नसावा, म्हणून पुन्हा एकदा लावला.

यापूर्वी ते वस्तीवर सहा वर्षांपूर्वी आले होते. जीपमधून न उतरताच त्यांनी सांगितलं होतं, वस्तीला नळ निवडणूक झाल्यावर बसेल. कुठली निवडणूक ते सांगायचं राहून गेलं होतं.

रेणुकानं चहा दिला. माऊलीशेठ कपात अगदी तळापर्यंत डोकावले आणि मग संपूर्ण चहा प्यायले. त्याचेही चार फोटो निघाले.

"मावशी, तुमाला सरपंच करायचं ठरलंय," ते म्हणाले.

"कुनाचं ठरलंय?"

"माझं."

हे मात्र खरं होतं. कान्हे स्टेशनापासून पाऊण तास चालत गेल्यावर लागणाऱ्या त्या गावात गेली पंधरा वर्षं जे काही ठरायचं ते माऊलीशेठचं ठरायचं. त्यांच्या नावावर एकूण अकरा गुन्हे होते. त्यातले दहा चालू होते, म्हणजे न चालता चालू होते. एकाचे साक्षीदार ऐनवेळी आजारी पडत, दुसऱ्याचे वकील गावाला जात, तिसऱ्याच्या कागदांना वाळवी लागली होती. दुसऱ्यांच्या जमिनी आपल्या नावावर करून मग त्या मुंबईकरांना बंगल्यासाठी विकणं हा त्यांचा धंदा असल्यामुळे वाळवीशी त्यांचे संबंध चांगले होते. घात केला अकराव्यानं. एक फेरफार नोंदवायला नकार दिला म्हणून त्यांनी तलाठ्याला भर चावडीत, त्याच्याच दप्तरानं मारलं. पंचवीस माणसांनी पाहिलं, आणि त्यांपैकी चोवीस जणांनी काही पाहिलं नसल्याचं सांगितलं. पंचविसाव्याच्या मोबाइलनं मात्र पाहिलं होतं. कोर्टानं वर्षाची सक्तमजुरी दिली. माऊलीशेठनी अपील केलं, जामीन घेतला, आणि गावात परत आले तेव्हा दोन जेसीबींच्या बकेटांतून त्यांच्यावर झेंडूची फुलं पडली. कामशेतपर्यंत फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर 'संघर्षयोद्धा' असं होतं. संघर्ष कुणाशी ते तलाठ्याला माहीत होतं.

पण अशी शिक्षा झालेल्या माणसाला पुढची काही वर्षं ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, असा कायदा आहे. बायकोला उभं करावं, तर सरपंचपद या वेळी अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं. म्हणून पंधरा वर्षांत पहिल्यांदा माऊलीशेठनी वस्तीतल्या बायकांची माहिती काढली. शकुबाईला तिसरं मूल होतं, ती कायद्यानं बाद. दुसरीच्या घराची मागची भिंत गायरानात शिरली होती, ते अतिक्रमण, तीही बाद. कोमल बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. रेणुका शिकलेली, कागद वाचून सही करणारी, ती नकोच. राहिली भागुबाई. वय बासष्ट, सगळ्या गावाला माहितीची, आणि माऊलीशेठच्या हिशेबानं सर्वांत मोठा गुण म्हणजे शिक्षण दुसरी.

"कायदा चांगलाच हाय," ते सुस्कारा टाकून म्हणाले, "पन गावाचं नुकसान किती! लोकांना मी पायजे. मंग मधी अडवनारा कायदा कोन? जनता ठरवंल ना कोन चांगला, कोन वाईट. तुमी फकस्त सही करायची मावशी. कारभार मी बघतो."

"पन शेठ, मलाबी शिक्षा झालीया."

"कसली?"

"चौदा येळा."

माऊलीशेठ एवढे खळखळून हसले की ड्रायव्हरनं तोही फोटो घेतला. म्हातारी गमतीदार आहे, लोकांना आवडेल, असं ते त्याला जाताना म्हणाले.

ते गेल्यावर भागुबाईनं करपलेली भाकरी शेळीला घातली आणि उंबऱ्यात बसली.

"काय करायचं आत्या?" रेणुकानं विचारलं.

"सरपंचाच्या दारात नळ असतोच ना गं?"

"असतो."

"मंग भर फारम."

भागुबाईनं गंमत केली नव्हती. नवरा भिकाजी दगडाच्या खाणीत कामाला होता. छातीत धूळ बसून तो गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि सुरज दुसरीत. चौथ्या महिन्यात तिनं पाटी डोक्यावर घेतली. पहाटे डोंगरात जायचं, काट्यांतून करवंदं काढायची, पळसाच्या पानांचे द्रोण लावायचे आणि कान्ह्याला गाडीत चढून लोणावळ्यापर्यंत विकत जायचं. उन्हाळ्यात करवंदं, मृगाच्या तोंडावर जांभळं, पावसात भाजलेली कणसं. पर्यटक द्रोण हातात घेऊन आधी त्याचा फोटो काढत आणि मग, "मावशी, ऑरगॅनिक आहेत ना?" असं विचारत. भागुबाई म्हणे, "न्हाई बाळा, करवंदं हायत."

गाडीत परवान्याशिवाय विकणं हा गुन्हा आहे हे तिला पहिल्यांदा पकडलं तेव्हा कळलं. रेल्वेच्या कोर्टात फेरीवाल्यांची रांगच्या रांग बाकावर बसवत. चिक्कीवाले, चहावाले, कंगवेवाले, मध्ये भागुबाई. साहेब विचारत, "गुन्हा कबूल?" आणि सगळी रांग एका सुरात, शाळेतल्या प्रार्थनेसारखी म्हणे, "कबूल!" दंड भरायचा, पावती घ्यायची, पाटी सोडवायची, घरी यायचं. बावीस वर्षांत असं चौदा वेळा झालं. नऊ वेळा करवंदांपायी, तीन वेळा जांभळांपायी, दोनदा कणसांपायी. जिभेला इतकी सवय लागली की घरात सुरजनं लहानपणी "आई, माझा गूळ कोणी खाल्ला?" असं विचारलं तरी ती हात जोडून म्हणायची, "कबूल."

या चौदा वेळांत एकदाच एक बाई साहेब म्हणून बसल्या होत्या. त्यांनी कागदावरून मान वर करून विचारलं होतं, "काय विकत होता?" भागुबाईला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग ती म्हणाली, "करवंदं." बाई म्हणाल्या, "यंदा लवकर आली." एवढंच. दंड तेवढाच झाला. पण त्या दिवशी ती स्टेशनापासून घरापर्यंत हलक्या पावलांनी चालत आली होती.

आता ती गाडीत जात नसे. कामशेतच्या बाजारात रीतसर बसत असे. तरी गावात तिचं नाव 'कोर्टवाली' असंच होतं. मागच्या वर्षी शाळेत एका पोरीनं प्रेरणाला सुनावलं होतं, "तुझी आजी जेलात गेलती." आजी एक दिवसही जेलात गेली नव्हती. पण तेव्हापासून प्रेरणा तिच्याबरोबर बाजाराच्या वाटेनं यायची बंद झाली.

फॉर्म भरायला सासू-सुना कामशेतच्या सेवा केंद्रात गेल्या. माऊलीशेठनी सगळं सांगून ठेवलं होतं. तिथला निलेश पटापट बटणं दाबत होता. नाव, वय, शिक्षण, शौचालय आहे, मुलं एक. मग त्यानं वाचलं, "उमेदवारास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? निरंक." त्याचं बोट पुढेही गेलं.

"थांब," भागुबाई म्हणाली. तिनं पिशवीतून एक प्लॅस्टिकची थैली काढली. एका चिक्कीच्या दुकानाची, धुऊन वापरलेली. तीत चौदा पावत्या होत्या.

निलेश पावत्यांकडे बघतच राहिला. "मावशी, हे कुणी टाकत नाही. मी सकाळपासून बावीस फॉर्म भरले, सगळे निरंक. ज्यांच्यावर खुनाचा आहे त्यांचंसुद्धा मी..." मग त्यानं इकडेतिकडे बघून वाक्य सोडून दिलं.

रेणुका सासूला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, नीट ऐका. मतदान केंद्र शाळेत आहे. उमेदवारांची माहिती मोठ्या फलकावर छापून शाळेच्या भिंतीला लावतात. कुणाला किती गुन्ह्यांत शिक्षा, सगळं. प्रेरणा रोज त्या भिंतीवरून जाते."

समोरच्या दुकानात तांदळाची पोती उतरत होती, ती भागुबाईनं मोजली. मग म्हणाली, "कोर्टात मी कबूल केलया. हितं न्हाई म्हनलं तर बावीस वर्सं मी कोर्टात खोटं बोलले असं व्हतंय. लिव्ह बाळा."

निलेशला चौदा नोंदी टाकायला पाऊण तास लागला. त्या चौकोनात काय विकलं ते लिहायला जागा नव्हती. कायदा, कलम, तारीख, शिक्षा, एवढंच होतं.

त्या दिवशी प्रेरणानं विचारलं, "आजी, शाळेच्या भिंतीवर तुझ्या नावापुढं काय लिहितील?" भागुबाईनं नातीच्या हातावर बोरं ठेवली. प्रेरणानं ती खाल्ली नाहीत.

दुसऱ्या दिवशी माऊलीशेठ परत आले. या वेळी टकटक झाली नाही, रस्त्यावरूनच हॉर्न वाजला.

"अवो मावशी, काय केलंत हे? चौदा? कोन इचारायला येनार हुतं?"

"फारमानं इचारलं."

"फारमला काय कळतंय! मागं घ्या ते. आता तुमच्यासंगं मी गावात फिरलो तर लोक काय म्हनतील? माऊलीशेठ गुन्हेगारांना तिकीट देतो? माझी काय इज्जत हाय का न्हाई?"

भागुबाईनं त्यांच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. तिला वाटलं, हसतील आता. ते हसले नाहीत. त्यांना ते मनापासून वाटत होतं.

"भरलाय तर ऱ्हाऊ द्या शेठ," ती म्हणाली.

"मंग नळाचंबी ऱ्हाऊ द्या," असं म्हणून माऊलीशेठनी काच वर केली. त्याच दिवशी त्यांची जीप कोमलच्या माहेरी गेली आणि तिला दोन महिन्यांच्या बाळासकट घेऊन आली. कोमलच्या अर्जावर सूचक म्हणून माऊलीशेठनी स्वतः सही केली. भागुबाईच्या अर्जावर सूचक रेणुका होती.

छाननीच्या दिवशी वडगावच्या तहसील कचेरीत मुंगीला जागा नव्हती. गावोगावचे पुढारी सुनांना, भावजयांना, ड्रायव्हरच्या बायकांना घेऊन आले होते. बायका बाकांवर बसल्या होत्या आणि त्यांचे फॉर्म पुरुषांच्या हातात होते. निवडणूक अधिकारी मध्यमवयाचे, चष्म्याआडून सगळ्यांना सारखंच कंटाळून बघणारे गृहस्थ होते. भागुबाईचं नाव पुकारलं गेलं तसे माऊलीशेठ उभे राहिले.

"साहेब, माझी हरकत आहे." कचेरीत आल्यावर त्यांची भाषा बदलत असे. "ही बाई चौदा वेळा शिक्षा झालेली आहे. एक नाही, दोन नाही, चौदा! लोकशाहीच्या मंदिरात असले लोक शिरले तर उद्या आमच्या लेकीबाळींनी बघायचं कुणाकडं? शिक्षा म्हणजे शिक्षा. शिक्षा झालेल्याला उभंच राहू देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे."

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी खोकलं.

"तुमचं नाव?" साहेबांनी विचारलं. माऊलीशेठनी सांगितलं. साहेबांनी चष्मा वर केला. "तलाठी मारहाण प्रकरण?"

"ते अपिलात आहे साहेब. ती राजकीय शिक्षा आहे."

रेणुका उठली. "साहेब, हेच आमच्या घरी चहा पिताना म्हणाले होते की लोकांना पाहिजे असेल तर मधे अडवणारा कायदा कोण. जनता ठरवेल, असं म्हणाले होते."

"ते मी माझ्याबद्दल बोलत होतो!" माऊलीशेठ म्हणाले, आणि त्यांना यात काही वावगं वाटलं नाही.

या वेळी खोकले बरेच आले. साहेबांनी टेबलावर पेन आपटून शांतता केली आणि भागुबाईकडे वळले. "आजी, यांचं म्हणणं असं की तुम्हाला चौदा वेळा शिक्षा झालेली आहे, म्हणून तुम्ही उभं राहायला लायक नाही. कबूल?"

भागुबाईच्या कानावर शेवटचा शब्द तेवढा पडला. तिचे हात आपोआप जुळले, मान खाली गेली, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं ती स्वच्छ म्हणाली, "कबूल."

"झालं!" माऊलीशेठ टाळी वाजवून म्हणाले. "स्वतः कबूल केलं. लिहून घ्या साहेब!"

रेणुकानं कपाळाला हात लावला. "आत्या, हे रेल्वेचं कोर्ट नाही हो!"

"मंग?" भागुबाई दचकून म्हणाली. "सायेब, काय कबूल केलं मी?"

मागचा सगळा बाक हसला, पण साहेब हसले नाहीत. त्यांनी थैलीतल्या पावत्या मागितल्या आणि एकेक उलगडून पाहू लागले. जुन्या पावत्यांवरची शाई उडाली होती, काहींवर जांभळांचे डाग होते. सातव्या की आठव्या पावतीला त्यांनी थांबून विचारलं, "तुरुंगात किती दिवस होता?"

"एकबी न्हाई. दंड भरला की सोडत्यात."

"आजी, चौदा वेळा शिक्षा झाली हे तुम्ही कबूल केलं, ते मी लिहितो. लायक नाही हे कबूल करणं तुमच्या हातात नाही, ते कायदा ठरवतो." त्यांनी शेजारचं पुस्तक उघडून ते कलम माऊलीशेठपुढे सरकवलं. "कायद्यात तुरुंगवासाच्या शिक्षेची अट आहे. नुसत्या दंडानं अपात्र होत नाही. हरकत फेटाळली, अर्ज वैध. तुम्हाला वाचायला हवं असेल तर घ्या. यातला वरचा भाग तुम्हाला लागू होतो."

माऊलीशेठनी पुस्तक घेतलं नाही. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "पण फलकावर येणार ना, चौदा?"

"जाहीर केलंय ते येणारच."

"आणि आमच्या कोमलचं?"

"निरंक."

"मग काही म्हणणं नाही," माऊलीशेठ समाधानानं खाली बसले. "जनता ठरवेल."

कोमल आपल्याबद्दल काय चाललंय ते न कळून बाळाला थोपटत होती. त्या फलकावर माऊलीशेठचं नाव कुठेच असणार नव्हतं, कारण ते उमेदवार नव्हते. त्यांचे अकरा गुन्हे त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून शाळेच्या भिंतीवरून रोज जाणार होते आणि कुणालाही वाचता येणार नव्हते.

कारकुनानं फलकाचा मसुदा छापून दाखवायला आणला. दोन उमेदवार, दोन ओळी. रेणुकानं हळू आवाजात वाचून दाखवलं. कोमलचं नाव, वय, बारावी, शिक्षा झालेले गुन्हे निरंक. भागुबाईचं नाव, वय, दुसरी, शिक्षा झालेले गुन्हे चौदा. त्या चौदाच्या पुढे बरीच कोरी जागा होती.

"बरोबर आहे ना आजी? असल्यास इथं अंगठा... सही करता? सही करा," साहेब म्हणाले आणि पुढच्या गावाची फाइल ओढू लागले.

भागुबाईनं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. शाळेची भिंत तिला पाठ होती, खालून हिरवी, वरून पिवळी. तिथं फलक लागेल. प्रेरणा दप्तर घेऊन समोर उभी राहील, आणि सोबत ती 'जेलात गेलती' म्हणणारी पोरगीही असेल. दोघींना वाचता येतं.

"आता काय राहिलं आजी?" साहेबांनी विचारलं.

"सायेब, चौदा लिव्हलंय ते ऱ्हाऊ द्या, खोडू नगा. त्याच्या म्होरं जागा हाय, तितं येवडंच लिव्हा: करवंदं नऊ येळा, जांभळं तीन येळा, कणसं दोन येळा."